पट्ट्याची खूण

मोहिउद्दीननं यवतमाळच्या बाजारात जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःच्या मनगटाला कधी एक बांधलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधीचं एक घड्याळ बाभुळगावच्या घनश्यामनं आणलं. "जावयाले द्यायची हाय ही घडी. अस्सल हाय का, अन् रोजच्या वापरात टिकन का, तेवढं पाहून सांगा चाचा."

मोहिउद्दीननं झाकण उघडून भिंग लावलं. तबकडी, काटे, यंत्र, सगळं मूळचंच. घड्याळाच्या पाठीवर घामाचा डागसुद्धा नव्हता. टिकाऊपणा मात्र हातावरच कळणार, म्हणून त्यानं ते बांधलं, सायकल हाणली, विहिरीचं पाणी ओढलं.

दुपारी नमाजाआधी वजूसाठी, हात-तोंड धुवायला ते सोडलं, तर रापलेल्या मनगटावर पट्ट्याएवढी फिकट खूण. एका सकाळीत? त्याला नवल वाटलं. भिंगातून त्यानं ती निरखून पाहिली आणि घड्याळ पुन्हा बांधलं.

संध्याकाळच्या वजूला ती जागा पांढरीफटक होती. तिथले केसही झिजून गेले होते.

घड्याळ दुकानातच ठेवून तो घरी आला. भाकर वाढता वाढता बायको हुस्नाबीचा हात थबकला.

"काहून हो, घडी कुठं ठेवली? निकाह झाल्यापासून तुमचा हात असा रिकामा म्या कधी पाह्यला नाही."