टेम्पोच्या पुढे

खारघरच्या डोंगरावरच्या सायकल स्पर्धेत क्षिप्रा सगळ्यात मागे पडली होती, आणि दमलेल्यांना उचलणारा टेम्पो तिच्या पाठीच लागला होता.

"बस गं पोरी आत, कशाला जीव काढतेस?" ड्रायव्हरकाका प्रत्येक वळणावर विचारायचे.

"काका, टेन्शन नको. तुम्ही फक्त हळू चालवा!"

पायांचे पार तुकडे पडले, पण एकदाची ती माथ्यावर पोचलीच. माइकवाला ओरडला, "आली, शेवटची आली!"

तेवढ्यात टेम्पोचा फाळका उघडला. आतली पोरं आपापल्या सायकली घेऊन मुकाट खाली उतरली. त्यात, "तुला झेपणार नाही," असं सकाळी म्हणणारा तिचा दादाही होता.

तोच माइकवाल्यावर खेकसला, "ए, शेवटची काय शेवटची? आम्ही सगळे हिच्या मागे होतो!"