बांगड्याचे दिवस

अलिझा मागल्या दारी दगडावर उकिडवी बसून हात घासत होती. साबण लावून झाला, राख लावून झाली, आता नारळाच्या काथ्यानं बोटं खरवडत होती. पडवीतल्या खाटेवरून फारुक आपल्या सहा वर्षांच्या नातीचा हा उद्योग बघत होता.

"काय गो, हाताची कातडी काढतेस काय?"

त्याचा आवाज हल्ली अगदी बसला होता, तरी ती दचकली. हात पाठीमागे घेतले. जवळ बोलावलं तरी आली नाही, म्हणून तोच उठला आणि तिची ओली बोटं त्यानं नाकाशी धरली. साबण, राख, आणि त्या दोन्हींखाली बांगडा. तव्यावर तळलेला, ताजा.

"कुठं खाल्लास?"

"शेजारच्या ज्ञानेश्वरीच्या घरी." अलिझाचे डोळे भरून आले. "मम्मीला सांगू नको, दादा. आपल्या घरात म्हावरं आणायचं नाय. तुला खाता येत नाय ना. वास आला की तुला त्रास होतो."

पावसाच्या तोंडावर फारुकच्या अन्ननलिकेत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी पोटात नळी बसवून दिली. तेव्हापासून त्याची सून जन्नत त्या नळीतून दूध नाहीतर गाळलेली पेज सोडायची. तोंडानं पाण्याचा घोटही उतरत नव्हता. स्वयंपाकघरातून नुसत्या डाळीचा वास येतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पावसात बोटी बंद म्हणून असेल, असं त्यानं धरलं. पण पाऊस सरला, कातळावरचं गवत पिवळं पडायला लागलं, दर्या निवळला. बांगड्याचे दिवस आले. मुलगा अरशद रोज बोटीवर जाई आणि रिकाम्या हातानं घरी येई. "यंदा म्हावरंच नाय, अब्बा," म्हणे. जन्मभर तांडेल म्हणून बोट चालवलेल्या माणसाला पोरानं हे सांगावं, आणि त्यानंही ते खरं मानावं!

फारुकनं डोक्यावर टोपी घातली आणि तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ऊन चांगलंच तापलं होतं. थोड्या वेळानं म्हावरं विकणारी गंगुबाई डोक्यावर टोपली घेऊन आली.

"तांडेल! बाहेर पडलात? बरं वाटलं बघून."

"बांगडे आहेत?"

"आहेत की." तिनं टोपली उतरवली. "पण तुमचा अरशद तर आपल्या वाट्याचं म्हावरं रोज मलाच देऊन जातो. का रे बाबा म्हटलं, तर म्हणतो, घरात कोण खात नाय." बोलता बोलता तिनं फारुकच्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपलीतले चांगले बांगडे निवडून तिनं पानात गुंडाळले. "घेऊन जा. त्याचेच आहेत."

पुडी बघून जन्नतच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"अब्बा, हे कशाला?"

"तळ."

"नको, अब्बा. तुम्हाला…"

"पोरी, मयतीच्या घरात चूल पेटत नाय," फारुक म्हणाला. "माझी मयत व्हायची आहे अजून."

जन्नत पाठ करून उभी राहिली. ओढणीनं डोळे पुसले आणि विळी ओढली. तिनं बांगड्यांना मीठ, हळद, मसाला आणि कोकमाचं आगळ लावलं, तांदळाच्या रव्यात घोळवून ते तव्यावर सोडले. चर्र आवाज झाला. फारुक तिथंच स्टूल घेऊन बसला होता. त्यानं डोळे मिटून घेतले आणि जमेल तेवढा मोठा श्वास आत ओढला.

दुपारी अरशद आला तो उंबऱ्यातच थबकला. आधी त्याला वास आला, मग आत बसलेला बाप दिसला. तो खाली वाकून चपला काढत राहिला. चपला काढायला एवढा वेळ लागत नाही.

जेवायला जमिनीवर दस्तरखान पसरला. एरवी फारुकला आतल्या खोलीत दार लोटून भरवत. आज तो सगळ्यांत येऊन बसला. "माझी पेजपण इथंच आण," म्हणाला. जन्नतनं एका हातानं नळी उंच धरली आणि ती दुसऱ्यानं पेज सोडायला लागली. ताटांतले बांगडे तसेच होते. कोणी हात लावीना.

"बिस्मिल्ला करा ना रे."

अलिझानं पहिला घास घेतला. मग अरशदनं. तो खाली मान घालून कितीतरी वेळ चावत राहिला.

"कसा झालाय?" फारुकनं विचारलं.

"ठीक आहे." अरशदनं मान वर केली नाही. "खास काय नाय, अब्बा. पहिल्यासारखी चव राहिली नाय म्हावऱ्याला."

फारुकच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते गिळता येत नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यातून ते दाढीवर उतरलं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं पुसलं, तोवर पुन्हा तोंड भरलं. अलिझा घास हातात धरून बघत राहिली. जन्नतचा पेज सोडणारा हात थांबला.

टॉवेल तोंडाशी धरूनच फारुकनं मधल्या ताटातला मोठा बांगडा अरशदच्या पुढ्यात सरकवला.

"खोटं बोलायला शिकलास," तो म्हणाला. "सावकाश खा. मी बसलोय."