कर्णिकांची हेमांगी

"हेमांगी," अण्णा पुटपुटले, आणि घरातल्या यंत्राने पुन्हा सुनेलाच बोलावलं.

अण्णांची मुलगीही हेमांगीच. यंत्राच्या यादीत एका घराच्या कप्प्यात एक नाव एकाचंच, म्हणून सून येताच अण्णांनी मोठ्या हौसेने मुलीचं नाव तिच्या सासरच्या कप्प्यात हलवलं होतं. तेव्हापासून "कर्णिकांची हेमांगी" म्हटल्याशिवाय यंत्र तिला फोन लावत नसे. अर्धांगवायूनंतर अण्णांच्या जिभेवर मात्र एकच शब्द उरला होता.

"केवढा लळा हो सुनेचा," शेजारच्या काकू म्हणाल्या.

अण्णा नाही-नाही अशी मान हलवत राहिले. सुनेला सगळं कळत होतं. 'आजाराचं कळवून ताईंना उगाच घाबरवू नका,' असं नवऱ्याला तिनेच सांगितलं होतं. बारा वर्षांत या घरात तिला कुणी इतक्या वेळा हाक मारली नव्हती.

"आले हं, अण्णा," म्हणत तिने त्यांचे डोळे पुसले.