परक्या हातचं

"माधव तिथं काय खायचा, ते देवाला स्मरून सांग," पंचांतले सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले.

गंगाधर मुगभाटात रामचंद्रपंतांच्या ओटीवर उभा होता. विलायतेहून येऊन त्याला चारच दिवस झाले होते. दीड वर्षापूर्वी तो आणि पंतांचा एकुलता एक मुलगा माधव बॅरिस्टर व्हायला एकाच बोटीनं लंडनला गेले होते. माधव तिथंच जानेवारीत वारला. देह इथं नव्हता. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा होता, आणि त्यासाठी ज्ञातीची परवानगी हवी होती. समुद्र ओलांडला, एवढं पंच पोटात घालायला तयार होते. साहेबाच्या हातचं खाल्लं असेल तर मात्र कर्म नाही. जिवंत माणसाला प्रायश्चित्त आहे, मेलेल्याला कुठलं?

"माधव हातानं शिजवून खायचा," गंगाधर म्हणाला. "भात. मिळालं तर दूध. बाहेरचं कधी नाही."

"आणि तू?"

"मी खाल्लं. सगळं खाल्लं."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. जो स्वतःचं पाप असं चारचौघांत कबूल करतो, तो दुसऱ्यासाठी खोटं कशाला बोलेल? गंगाधरला प्रायश्चित्त लागलं. माधवचं कर्म मान्य झालं. पंतांनी उपरण्यानं डोळे पुसले.

पंच गेल्यावर पंत हळूच म्हणाले, "आत जा जरा. तार आल्यापासून ती धड जेवलेली नाही. तुझं ऐकलं तर बघ."

प्रायश्चित्त व्हायचं होतं म्हणून गंगाधर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच बसला. माधवची आई, कालिंदीबाई, विझत आलेल्या चुलीपाशी होत्या. त्यांचे हात काटक्यांसारखे झाले होते. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"डॉक्टरांचं पत्र मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं," त्या म्हणाल्या. "यांनी मला छातीचा विकार एवढंच सांगितलं होतं. पत्रात आणखी एक शब्द होता. अशक्तपणा."

कालिंदीबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"निघताना पालवा बंदरावर मी त्याला शपथ घातली होती. परक्याच्या हातचं खाल्लंस तर माझं मेलं तोंड बघशील, म्हटलं. बोट हलली तरी ओरडून सांगत होते. पोर उपाशी गेलं ना रे? मीच मारलं ना त्याला?"

बाहेर ओटीवर पंत भटजीला निरोप धाडत होते. गंगाधरनं तिकडे एकदा पाहिलं. मग तो उंबऱ्याला अगदी टेकून बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, मी बाहेर खोटं बोललो."

कालिंदीबाईंनी मान वर केली.

"शपथ त्यानं आठवडाभरातच मोडली. आमच्या खोलीखाली कोपऱ्यावर एक म्हातारा शेगडी घेऊन बसायचा. तिकडची एक प्रकारची फळं असतात, ती भाजून द्यायचा. चव थेट आपल्या भाजलेल्या आठळ्यांची. माधवनं एक तोंडात टाकलं आणि म्हणाला, गंग्या, आणखी घे."

"मग?"

"मग काय, रोजचंच झालं. गाडीवर आख्खे बटाटे भाजलेले मिळतात. फोडून आत लोणी आणि मीठ घालून देतात. थंडीत हातही शेकतात त्यानं. उन्हाळ्यात इटलीची माणसं दुधाचा बर्फ विकतात, कागदात गुंडाळून. लहान पोरांच्या घोळक्यात उभा राहून खायचा. मिशीला लागायचा त्याच्या."

"आणि गोडाचं?"

"काकवी आणि आलं घालून पावासारखं काही करतात. त्याच्यावर त्याचा फार जीव."

"त्यात अंडं असतं का रे?"

गंगाधर क्षणभर अडखळला. "असतं."

चुलीतलं लाकूड तडकलं. कालिंदीबाईंनी ते मागं ओढलं.

"म्हणजे भ्रष्ट झाला तो."

"झाला, काकू."

"लबाड मेला!" त्या हसत म्हणाल्या, आणि तोंडून गेलेल्या शब्दानं त्यांचं त्यांनाच कापरं भरलं. पदर तोंडात कोंबून त्या आवाज न करता रडल्या. रडू ओसरलं तेव्हा म्हणाल्या, "भ्रष्ट तर भ्रष्ट. पोटभर खाऊन तर गेला माझा लेक. यांना नको सांगूस. कर्म होऊ दे."

त्यांनी उठून पान घेतलं, सकाळचा गार भात वाढला, वर ताक ओतलं. पहिला घास घशाखाली उतरायला वेळ लागला. दुसरा लवकर गेला. "सांग की अजून," त्या म्हणाल्या. गंगाधर सांगत राहिला. पान रिकामं होईपर्यंत त्याला कुठंच अडायला झालं नाही. दुकानं, चवी, वास, विकणाऱ्यांच्या आरोळ्या, सारं त्याला तोंडपाठ होतं.

निघताना पंतांनी त्याचा हात धरला. "जेवली. काय सांगितलंस तिला?"

"माधवच्या आठवणी," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

गल्लीच्या टोकापर्यंत तो सरळ चालत गेला. तिथं भिंतीला हात टेकून उभा राहिला. देवाला स्मरून त्यानं पंचांना सांगितलं होतं तेच खरं होतं. लंडनच्या रस्त्यांवर तो एकटाच खायचा आणि माधव चार पावलं पुढं जाऊन पाठमोरा उभा राहायचा. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पाठवलेला रस्सा गंगाधरनं तीनदा गरम करून आणला, आणि तिन्ही वेळा माधवनं दात घट्ट मिटून घेतले.