मुदत

“आईला तू ने,” थोरला म्हणाला. “तुझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत.”

“आणि हे घर तू गिळणार?” धाकटा म्हणाला.

आई शिवणयंत्रापाशी बसली होती. सुईखाली उशीची खोळ अर्धवट अडकली होती. तासाभरापूर्वी पत्र आलं होतं, इंग्रजीत, सरकारी शिक्क्याचं. दूरच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याचं नाव त्यावर होतं आणि खालच्या ओळीत ‘एक्स्पायर्ड’. थोरल्याचं इंग्रजी यथातथाच, पण हा शब्द कुणाला कळत नाही? त्याने बाबांना फोन लावून पाहिला. बंद. मग धाकट्याला बोलावून घेतलं.

रडणं दहा मिनिटांत आटोपलं. मग उणीदुणी निघाली.

“दहा वर्षं मीच सांभाळतोय तिला.”

“तू सांभाळतोस? तुझी पोरं तिनं वाढवली. आता तिचे गुडघे गेले, तर माझ्या गळ्यात मारतोयस.”

दोघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

तेवढ्यात धाकटी सून शाळेतून थेट आली. ती इंग्रजी शिकवायची. तिने पत्र हातात घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

“अहो, बाबा बरे आहेत. त्यांचा क्रेनचा परवाना एक्स्पायर झालाय. नवा करून घ्या, एवढंच लिहिलंय.”

“पण एक्स्पायर म्हणजे मरणंच ना?” थोरला अजून हटेना.

“मुळात श्वास बाहेर सोडणं, दादा. माणसानं शेवटचा सोडला की मरण. पुढं मुदत संपलेल्या कागदालाही लोक तेच म्हणायला लागले.”

आईने श्वास सोडला. केव्हापासून रोखला होता, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. बाबा नुकतेच क्रेनवरून उतरले होते. थोरल्याने डोळे पुसत स्पीकर लावला. “बाबा, जीव टांगणीला लागला होता आमचा.” धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

पत्राचं ऐकून बाबा म्हणाले, “मग परवान्यासाठी सुट्टी टाकून घरीच येतो.”

आईने फोन ओढून घेतला.

“येऊ नका. परवाना तिकडंच करा,” ती म्हणाली. “आणि दोघांपुरती खोली बघा. मी निघतेय.”