करवतीवरचं मांजर

वहिनीने प्रेसमध्ये आल्या आल्या पुस्तक उघडलं, भराभर पानं उलटली. मधला कोरा कागद नव्हता. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. कशातच नव्हता.

"ते होय?" बाइंडरकाका खुशीत म्हणाले. "एकेक करून काढले मी. छापणाऱ्यांचं लक्ष नसतं हो, आपल्यालाच डोळ्यात तेल घालून बघावं लागतं."

टेबलाच्या टोकाला त्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा सुतळीने नीट बांधून ठेवला होता. आता या माणसाला काय बोलणार!

पुस्तक होतं चित्रकथेचं, पण ते वाजवायचं होतं. चित्रं वहिनीची, वाजवणार तिची नणंद, आणि वाद्य म्हणजे सुताराची साधी करवत. मूठ गुडघ्यांत धरायची, डाव्या हाताने पातं वाकवायचं आणि बिनदात्यांच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा. चित्रातलं मांजर जसं वर चढेल तसा सूर वर. शेवटी मांजर कठड्यावरून समोरच्या गच्चीकडे झेप घेतं, आणि तिथे तो दुमडलेला कोरा कागद. तो उलटून होईपर्यंत करवत गप्प.

वहिनीने हे सगळं समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि नकाराची मान हलवली. कोऱ्या पानांचं पुस्तक त्यांच्या हातून आजवर बाहेर गेलं नव्हतं. लोक चित्रकाराला नाही, बाइंडरला हसतात. शिवाय निम्मी पुस्तकं शिवून झालेली. ती उसवून पुन्हा शिवायची, तीही टेम्पो यायच्या आत? संध्याकाळी प्रकाशन होतं. काका साफ नाही म्हणाले.

वहिनीला रडूच कोसळणार होतं. दोन वर्षं ती या मांजराच्या मागे होती. पोरांपेक्षा त्याचेच लाड जास्त, असं घरात सगळे चिडवायचे.

"वन्सं, आता तुम्हीच बघा," ती म्हणाली. एरवी नणंदेला ती अगं-तुगं करायची. वन्सं म्हणायची ती लाडात आली की, नाहीतर घाबरली की.

नणंद कागदाच्या रिमांवर करवत घेऊन बसलीच होती. तिने काकांशी वाद घातला नाही. माझे दोन्ही हात अडकलेले असतात, तेवढी पानं उलटाल का, असं विचारलं. काका नको नको म्हणत हात पुसून पुढे आले.

आधी त्यांच्या पद्धतीने, कोऱ्या कागदाशिवाय. करवत चढत गेली, मांजराने उडी मारली आणि पुढच्याच पानावर पोचलं. छान झालं की, काका म्हणाले, मग अडलंय कुठे?

नणंदेने न शिवलेल्या एका पुस्तकात कोरा कागद सरकवला. "आता पुन्हा. श्वास सोडून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही."

करवत परत गायला लागली. पाइपावरून मांजर वर, सूर वर. पलीकडे कटिंग मशीनवरच्या माणसाने मशीन बंद केलं आणि तोही येऊन उभा राहिला. कठडा आला. मांजर झेपावलं, सूर पार टोकाला गेला आणि थांबला.

समोर कोरं पान. काकांचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर होता, पण पान काही उलटेना. श्वास सोडायचाच राहिला होता त्यांचा. वहिनीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला एकदम इतका आनंद झाला की तिने तोंडावर हात दाबून धरला.

तेवढ्यात दारातून प्रेसच्या मालकांचा आवाज आला. टेम्पो येऊन उभा आहे, गठ्ठे कुठे आहेत, अजून काय चाललंय तुमचं?

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मोकळा हात तेवढा वर केला.

"थांबा हो जरा," ते हळूच म्हणाले. "मांजर अजून हवेत आहे."