बिनसहीचं पत्र

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा सिस्टर गुरुजींच्या हातात डायलिसिसची सुई घालत होती. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिला दुसऱ्यांदा टोचावं लागलं.

"सिस्टर, हात आहे हा माझा, शिवणकाम नव्हे," गुरुजी म्हणाले.

"हलू नका, नाहीतर खरंच टाके घालीन."

नऊ खाटा, नऊ मशीन आणि बघायला दोघी, असं ते केंद्र होतं. गेल्या महिन्यात मशीन चालू असतानाच गुरुजींचं बीपी एकदम उतरलं. दुसरी नर्स जेवायला गेली होती आणि सिस्टर पार टोकाच्या खाटेशी अडकली होती. पोचायला दोन मिनिटं उशीर झाला. गुरुजी वाचले, दुसऱ्या दिवशी त्यावर विनोदही करू लागले. सिस्टरची झोप मात्र उडाली ती उडालीच.

तिसरी नर्स द्या म्हणून ती दोन वर्षं डॉक्टरांच्या मागे लागली होती. डॉक्टर माणूस सोन्यासारखा. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात रोज न चुकता घरी येऊन बघून जायचे. पण केंद्र उभं केलं होतं त्यांच्या थोरल्या भावाने, आणि दादांपुढे डॉक्टरांची अळीमिळी गुपचिळी. "दादांना विचारतो हं, ताई," एवढं म्हणत आणि विषय तिथेच राही.

शेवटी तिने आरोग्यसेवा तपासणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर घरी गेले असताना त्यांच्याच खोलीत बसून टाइप केलं. प्रिंटर नेहमीप्रमाणे अडला. तिने चार वेळा बटण दाबलं तेव्हा कुठे एक कागद बाहेर आला. तो उचलून ती घाईने निघाली तेव्हा प्रिंटर मागे अजून घरघरतच होता. नाव नाही, सही नाही. पत्र पेटीत टाकताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

आता त्या पत्राला पाय फुटले होते आणि ते दारात येऊन उभं होतं.

बाईंनी पाण्याच्या तपासणीचे कागद पाहिले, औषधांवरच्या तारखा वाचल्या, कचऱ्याच्या डब्यांची झाकणंसुद्धा उघडली. वह्या चोख होत्या. दादा त्यांच्या मागे मागे फिरत होते.

"तक्रार कोणी केली ते कळू दे फक्त," दादा डॉक्टरांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घरचाच भेदी असणार. उद्यापासून त्याला घरी बसवतो."

"कोण असेल हो, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय माहीत!" सिस्टर म्हणाली आणि तिचे कान तापले.

मग बाई एका स्टुलावर बसल्या. तासभर नुसत्या बघत राहिल्या. मध्येच दोन मशीन एकदम वाजू लागल्या. एकीकडे सिस्टर धावली. दुसरी नर्स एका रुग्णाची सुई काढत होती, तिला हात सोडता येईना. दुसरी मशीन वाजतच राहिली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

त्यानंतर त्यांनी सिस्टरला बाजूला घेतलं. "दोघी पुरता का तुम्ही?"

काचेपलीकडे दादा उभे होते. "हो" म्हटलं की सगळं निभावणार होतं. सिस्टरने गुरुजींकडे पाहिलं. ते तोंड उघडं टाकून बिनघोर झोपले होते.

"नाही पुरत," ती म्हणाली. "आणि हे माझ्या नावाने लिहा."

बोलून गेली आणि तिला एकदम हलकं वाटलं. नोकरी जायची तर जाऊ दे, असंच वाटलं.

दुपारी बाईंनी आदेश वाचून दाखवला. दर तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. तिसरी येईपर्यंत तीन मशीन बंद.

दादांचा चेहरा उतरला. पण हिशेबी माणूस. बंद मशीन त्यांना परवडणार नव्हत्या. "उद्याच जाहिरात द्या," ते पुटपुटले.

"म्हणजे आता मला तिघी रागावणार!" गुरुजी ओरडले. सगळे हसले. सिस्टर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"पण बाई," दादांना अजून राहवत नव्हतं, "कुणा सोम्यागोम्याच्या निनावी पत्रावर तुम्ही एवढं..."

"निनावी पत्रावर आम्ही तपासणीला येतच नाही," बाई म्हणाल्या. "ती बाजूला ठेवून देतो." आणि त्यांनी जबाबाखाली सही करायला फाइल सिस्टरपुढे सरकवली.

सिस्टरने गोंधळूनच सही केली. पेन ठेवते तोच पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. खाली तिचंच पत्र होतं, शब्द न् शब्द तिचा. आणि तळाशी, तिने कोरी सोडलेल्या जागेत, डॉक्टरांची सही होती.